बिनचिमट्याच्या सायकलीसाठी प्रार्थना

हे शेषशायी नारायणा,

विटेवर उभ्या असलेल्या तुझ्या रूपाकडे सगळा महाराष्ट्र मागतो. माझं मागणं मात्र तुझ्या पहुडलेल्या रूपाकडे आहे, कारण ते त्यालाच कळेल. शेषाच्या वेटोळ्यावर पाठ टेकून, पाय पसरून तू विश्वाचा गाडा हाकतोस. मला तसंच पाठ टेकून, पाय पुढे पसरून, कोथरूडपासून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल हाकायची आहे. माझं एवढंच आहे. बाकी विश्व तुझं तू बघ.

या सायकलीला रिकंबंट म्हणतात. बसायला जाळीची खुर्ची, पायडल समोर पोटाच्या उंचीवर, पुढचं चाक लहान २० इंची आणि मागचं मोठं २६ इंची. मनगटावर भार नाही, मानेला वाकणं नाही. साध्या सायकलीवर माझ्या करंगळ्या बधिर पडायला लागल्या, मान धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. मी सायकल सोडली नाही, बसायची तऱ्हा बदलायचं ठरवलं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते दिवस गेले, आणि ही असली सायकल तर त्या दिवसांतही इथल्या दुकानात टांगलेली नसायची. म्हणून ती तैवानहून मागवली. शेजारचे तात्या पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘आरामखुर्चीला चाकं लावलीत की!’ म्हणू देत. तात्यांना दीर्घायुष्य दे.

खोकं आलं ते आषाढी एकादशीनंतर, म्हणजे तू झोपी गेल्यावर. त्याचा एक कोपरा चेपलेला, एक बाजू फाटलेली, वाटेत कुणीतरी उघडून पुन्हा चिकटपट्ट्यांनी आवळलेलं. आतली यादी आणि आतला माल यांची काही केल्या गाठ पडेना. फ्रेम आली, खुर्ची आली, दोन्ही चाकं आली. नट-बोल्टांची पिशवी फाटून निम्मी रिकामी झालेली. चेनला खुर्चीखालून वळवून नेणारी कप्पी नाही. अशा सायकलीला साध्या सायकलीच्या अडीच ते तीन चेन जोडाव्या लागतात, त्यांतल्या दोनच पोचल्या. पुढच्या टायरला चीर. मागचा गियर ज्या कानाला लटकतो तो कान आत वाकलेला. ब्रेकची एक चकती लहरलेली. आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची दोन्ही टोकं एकमेकांकडे झुकलेली.

देवा, मी तुझ्याकडे चमत्कार मागत नाही. हरवलेली कप्पी देव्हाऱ्यात सापडू दे, असलं काही माझ्या मनात नाही. मागतो आहे ते वेगळं आहे, आणि मला वाटतं अधिक अवघड आहे.

आधी माझा राग आवर. ज्याने हे खोकं भरलं त्याला मी मनातल्या मनात फार फैलावर घेतलं आहे. चिमट्याच्या दोन टोकांमध्ये पुढच्या चाकासाठी १०० मिलिमीटरची फट असते. खोक्यात चाक काढून ठेवलं की त्या फटीत प्लास्टिकचा एक आडवा तुकडा बसवायचा असतो, म्हणजे वरून वजन पडलं तरी टोकं झुकत नाहीत. दोन-चार रुपयांचा तुकडा, तेवढाच राहिला. कदाचित पाळी संपत आली असेल, पुढचं खोकं येऊन थांबलं असेल, कदाचित तुकड्यांचा डबाच रिकामा झाला असेल. त्या माणसाचं भलं कर. त्याच्या हाताखालून रोज किती खोकी जातात आणि त्यांतली किती धड पोचतात, हे मला कुठे दिसतं? विकणाऱ्याला लिहिताना मला सभ्य भाषा दे. प्रत्येक मोडक्या भागाचा स्वच्छ उजेडातला फोटो, आकृतीतला त्याचा क्रमांक, आणि ‘हे आलं नाही, हे मोडून आलं’ असं दोन ओळींत लिहू दे. शिव्या लिहून पान भरतं, सुटा भाग येत नाही.

मग मला नजर दे. सोबतच्या पुस्तकात सगळे भाग हवेत तरंगताना दाखवले आहेत आणि प्रत्येकाला एक बाण. त्यातलं काय कशात जातं ते मला नीट दिसू दे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यालाही ठाऊक आहे. तरी रात्री उशिरा, थकलेल्या हाताने, जोर लावून ते सुलटे फिरवायचा मोह होतो, आणि मग ॲल्युमिनियमचा क्रँक जन्माचा जातो. म्हणून पहिले दोन-तीन वेढे पान्याने नको, बोटांनीच बसू देत. जिथे बोटांना अडतं तिथे थांबायची बुद्धी दे.

दुकानात ‘२० इंच’ म्हटलं की मालक आकडीने दोन-तीन टायर खाली उतरवतो. ते सगळे २० इंचीच असतात, आणि तरी त्यांतला एखादाच माझा. टायरच्या कडेला उठावदार बारीक अंकांत ४०६ लिहिलेलं असेल तर तो माझ्या रिमवर बसेल, ४५१ असेल तर कितीही ओढला तरी बसणार नाही. टायर रिमच्या ज्या कडेवर बसतो तिचा तो मिलिमीटरमधला व्यास आहे, आणि ४५ मिलिमीटरचा फरक साबणाच्या पाण्याने भरून निघत नाही. मला तो आकडा वाचायला चष्मा लागतो. चष्मा घरी विसरू देऊ नकोस.

आता ज्यांच्यासाठी तुझे उपकार मानायचे, त्यांची नावं न घेता त्यांना तुझ्यापुढे उभं करतो.

भोसरीच्या एका गाळ्यात लेथवर काम करणारा तो टर्नर. त्याला मी ६०८ नंबरची दोन बेअरिंगं नेऊन दिली. स्केट्सच्या चाकांत असतात तीच, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारी, बाहेरून २२ मिलिमीटर आणि आतून ८. त्याने नायलॉनचा गोल दांडा चकमध्ये धरला, पांढऱ्या सुरळ्या पडत गेल्या, मधलं भोक झालं. बेअरिंग त्यात सहज जाईल म्हणून मी हात पुढे केला तर म्हणाला, ‘सहज गेलं तर ते तिथे राहणार नाही, साहेब.’ केसाएवढं कमी कापून त्याने ते वाइसमध्ये हळूहळू दाबून बसवलं. मग बाहेरच्या कडेला चेनसाठी खाच. पाय मारला की चेनची सगळी ओढ या कप्पीवर येते, हे मी सांगायच्या आधी त्याला कळलं होतं. त्याने कधी असली सायकल पाहिलेली नव्हती. देवा, त्याच्या डोळ्यांत कचरा जाऊ देऊ नकोस, त्याची बोटं शाबूत ठेव.

चेनची अडचण तर अडचणच नव्हती. जगभरच्या सायकलींच्या चेनच्या कड्या अर्ध्या इंचाच्या अंतरावर असतात. जाडी फक्त मागच्या गियरच्या चकत्यांप्रमाणे बघून घ्यावी लागते. नऊ चकत्यांची चेन शहरात मिळाली, जोडकडीने जोडली, काम झालं.

आणि तो सायकल दुरुस्त करणारा काका, ज्याने वाकलेला कान सरळ केला. हा कान मुद्दाम मऊ धातूचा करतात. सायकल पडली की त्याने वाकायचं आणि फ्रेमला वाचवायचं, हेच त्याचं काम. पण वाकलेला तसाच ठेवला तर सर्वांत हलक्या गियरला गियरची यंत्रणा थेट स्पोकमध्ये जाते. काकाने एका जुन्या गियरच्या सायकलीचं मागचं चाक आणलं, त्याचा ॲक्सल माझ्या सायकलीच्या कानातल्या आट्यांत पिळून बसवला. दोघांचे आटे एकच, १० मिलिमीटर व्यासाचे, एकेक मिलिमीटरच्या अंतराचे. आता एका कानावर दुसरं चाक उभं राहिलं, माझ्या चाकाला खेटून. मग त्याने पट्टी घेऊन दोन चाकांमधलं अंतर वर मोजलं, खाली मोजलं, पुढे, मागे, आणि चारही ठिकाणी सारखं येईपर्यंत चाक हलकेच दाबत राहिला. झटका एकदाही दिला नाही. ‘हा एकदा सरळ होतो,’ तो म्हणाला, ‘पुन्हा वाकला तर नवा घ्या.’ ब्रेकच्या चकतीचा आऊटही त्यानेच काढला, हातांचं ग्रीस तिला लागू न देता, फडक्याने धरून. त्याच्या दुकानासमोरची नो पार्किंगची पाटी तू जरा वीतभर सरकव.

इथपर्यंत मी जमवाजमव केली आणि ती तुझा प्रसाद मानून केली. जे आलं नाही ते इथल्या हातांनी घडवलं, जे वाकलं ते सरळ केलं. ही विद्या आपल्या गल्लीबोळांत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण नारायणा, याच विद्येला एक हद्द आहे. ती ओळखायची ताकद दे म्हणून हा सगळा घाट.

नट-बोल्टांचं घे. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा बोल्ट मडगार्डला लावला तर काही बिघडत नाही. पण हँडल आणि ब्रेकचे बोल्ट हाय टेन्साइल असतात. त्यांच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला असतो. जाडी तीच, लांबी तीच, आटे तेच, आणि दोन बोल्ट पेटीत शेजारी पडले तर डोळ्यांना फरक कळत नाही. फरक कळतो तो उतारावर. त्या आकड्याकडे काणाडोळा करायची बुद्धी मला कधीही देऊ नकोस.

आणि चिमट्याचं. झुकलेली टोकं पुन्हा उघडता येतील असं मला वाटत होतं. पण डाव्या पायाला, ब्रेकचा कॅलिपर बसतो त्या जोडाजवळ, रंगावर एक बारीक रेघ होती. ओरखडा म्हणावा तर ओरखडा. काकाने रंग खरवडला, जोडाला रॉकेल चोपडलं, जरा वेळ मुरू दिलं, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसून वर खडूची पूड भुरभुरवली. काही झालं नाही. त्याने चहा सांगितला. चहा येईपर्यंत पांढऱ्या पुडीवर, आतून, नखाएवढी ओली काळपट रेघ उमटली होती. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीने ओढून बाहेर दाखवलं होतं. काका काही बोलला नाही, त्याने चिमटा माझ्या हातात दिला.

समोरचा वेल्डिंगवाला आला. ‘टाका मारून देतो, दहा मिनिटांचं काम.’ तो लबाड नव्हता. फाटकं, ग्रिल, टेम्पोच्या चासी, त्याचे टाके वर्षानुवर्षं टिकले आहेत. पण हा चिमटा ॲल्युमिनियमचा, ६०६१ जातीचा. वेल्डिंगच्या धगीने तो धातू जोडाच्या दोन्ही बाजूंना नरम पडतो. त्याचा कडकपणा परत आणायचा तर पूर्ण तुकडा ५३० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून पाण्यात बुडवायचा आणि मग १७५ अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवायचा. ती भट्टी त्या गाळ्यात नव्हती. पुढचा ब्रेक दाबला की थांबण्याचा बहुतेक हिसका याच जोडावर येतो. तडा रोज थोडा पुढे सरकतो, दिसत नाही, बोलत नाही, आणि एक दिवस पाय पुढे पसरून बसलेला माणूस पायांनीच रस्त्याला भेटतो.

आणि लहान मुलांच्या जिवाच्या काळजीतूनच या सायकलीचा वंश सुरू झाला, हेही तुला ठाऊक आहे. फ्रान्समधल्या शार्ल मोशेने आपल्या लेकासाठी पायडल मारून चालवायची चारचाकी गाडी केली, कारण पोराला सायकल म्हणजे धोका, असं घरात ठरलं होतं. त्या गाडीतून पुढे मोठ्यांची व्हेलोकार आली आणि व्हेलोकारमधून दोन चाकांची आडवी सायकल. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या सायकल-धावपट्टीवर फ्रांसिस फोर तिच्यावर बसून एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला आणि ऑस्कर एगचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर हा पहिल्या फळीतला स्पर्धक नव्हता, हेच पुष्कळांना झोंबलं. पुढच्या वर्षी, १९३४मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची मापंच अशी बांधली की आडवी सायकल बाहेर पडली. देवा, त्या नियम करणाऱ्यांवर माझा राग नाही. ती सायकल नियमाने अडवली तरी रस्त्यावर चालत राहिली, कारण ती धड होती. मी मात्र धड नसलेली सायकल रस्त्यावर आणली तर मला अडवायला एकही नियम पुढे येणार नाही. घरात बनवलेल्या मोडक्या वस्तूला कुणी परवाना मागत नाही. तिथे तूच आड ये.

खंडेनवमीला पाने, पक्कड, ॲलन कीचा जुडगा, पंप, सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला खाली सगळ्यांच्या गाड्यांना झेंडूचे हार पडले, तेव्हा नातीने एक हार माझ्या अर्धवट सायकलीलाही घातला. पुढचं चाक नाही, चिमटा नाही, भिंतीला टेकलेली आणि गळ्यात झेंडू. तिने विचारलं, ‘आजोबा, ही कधी चालणार?’ मी सांगितलं, नवा चिमटा आला की. विकणाऱ्याचं उत्तर आलं आहे, सुटा भाग पाठवतो म्हणाला आहे, केव्हा ते लिहिलेलं नाही.

म्हणून आता वाट पाहण्याची ताकद दे. मोडकं बसवून घेण्याच्या कलेत आपण फार हुशार आहोत, थांबण्याच्या कलेत तेवढे नाही. ‘तूर्तास भागवू’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं की जीभ जागच्या जागी धर. तात्या दारातून जाताना ‘झाली का खुर्ची?’ विचारतील, वेल्डिंगवाला हटकेल, रविवारची सकाळ निरभ्र उगवेल आणि खडकवासल्याकडे जाणारी सायकलवाली पोरं खिडकीखालून घंटा वाजवत जातील. तेव्हा मला घरात चहाचा कप हातात धरून बसवून ठेव.

आणि चिमटा आल्यावरचंही आत्ताच मागून ठेवतो. या सायकलीवर पायडलवर उभं राहून चढ चढता येत नाही, तेव्हा चढावर लाज न वाटता हलका गियर लावू दे. खड्डा आला की खुर्चीवरून उठता येत नाही, तेव्हा खड्डा आधी दिसू दे. सुरुवातीला ती डुलते, तेव्हा नजर पायांकडे न जाता रस्त्याच्या टोकाला राहू दे. मी जमिनीलगत चालणार, म्हणून मागे उंच काठीला भगवी पताका लावीन आणि हँडलला आरसा. डंपरवाल्यांना ती पताका दिसू दे. बसवाल्यांना दिसू दे. फोनवर बोलत वळणाऱ्यांना तर आधी दिसू दे.

माझ्यासारखे खोकं फोडून, यादी मांडीवर घेऊन बसलेले जे कुणी असतील, कुणाचं कपाट, कुणाची शिवणयंत्राची मोटर, कुणाची लेकीसाठी घेतलेली पहिली सायकल, त्या सगळ्यांना जे आलं नाही ते ठामपणे मागायचा, जे घडवता येईल ते हौसेने घडवायचा आणि जे फुटलं आहे ते बाजूला टाकायचा धीर दे.

चिमटा उद्या येवो की पुढच्या वर्षी. तडा गेलेला तो जुना चिमटा माझ्या हातून या सायकलीला लागू देऊ नकोस, आणि भंगारवाल्याकडून उचलून दुसऱ्या कुणाच्या सायकलीलाही लागू देऊ नकोस. तो मी उद्या सकाळी करवतीने मधोमध कापणार आहे. नारायणा, तेवढं काम माझ्या हातून करून घे.